दोन दारांचा पिंजरा

भोर, २१ नोव्हेंबर १९३७

प्रिय लताताईस,

आधी प्रश्न विचारते, कारण त्याचं उत्तर मला येत नाही. एका आईच्या पोटच्या दोघी, एकाच टोपलीत वाढलेल्या, एकच पाला खाल्लेल्या, अचानक एकमेकींच्या जिवावर का उठतात?

घाबरू नकोस, सशांबद्दल विचारते आहे. इथल्या डॉक्टरांची बदली झाली आणि जाताना त्यांच्या पत्नीने आमच्या मुलींच्या शाळेला दोन ससे दिले. दोन्ही माद्या. पांढरी ती चांदणी, काळी ती काजळ. मुलींना निसर्गपाठ नुसता पुस्तकातून शिकवायचा नाही, असा हट्ट मीच मोठ्या बाईंपाशी धरला होता, म्हणून ससे माझ्या जबाबदारीवर आले. महिनाभर दोघी एकमेकींच्या अंगावर मान टाकून झोपत. गेल्या सोमवारी वर्ग चालू असताना मागच्या पडवीतून किंकाळी आली. ससा किंकाळतो हे मला त्या दिवशी कळलं. चांदणीच्या कानाचं टोक फाटलं होतं आणि काजळच्या पाठीचे केस पिंजराभर उडत होते.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सौदामिनीबाई, मुलींना आपण दया शिकवणार होतो ना?" संक्रांतीपर्यंत दोघी नीट नांदल्या तर ठीक, नाहीतर ससे शाळेतून जातील. कुठे जातील तेही ठाऊक आहे. कुंडलिक शिकारी दोनदा फाटकाशी येऊन गेला. "बाई, न्हाई जमलं तर आमाला सांगा, आमच्यात समद्यांचं जमतंय," असं म्हणून हसतो.

तुझे काका तर काय! अप्पा ओटीवर बसून म्हणतात, "घरातली पहिली पदवीधर. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतंस, ते सशांना शिकव."

तुझ्याकडे वनखात्याच्या साहेबांनी दिलेला गुंड्या ससा आहे. तो एकटा असतो. त्याला इकडे पाठवलंस तर दोघींना सोबत होईल का? की दोघींसाठी वेगवेगळी सोबत शोधू? तुला जनावरांचं कळतं, म्हणून विचारते. आनंदरावांना आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
सौदामिनी


वेल्हे, २ डिसेंबर १९३७

चि. सौदामिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सासूबाईंना वाटलं भोरला खून झाला.

गुंड्या मजेत आहे. त्याने तुळशीचा शेंडा खाल्ला, त्यामुळे त्याचं आणि सासूबाईंचं बोलणं बंद आहे. त्याला मात्र पाठवत नाही. दोघींत एक नर आणून भांडण मिटतं हे तुला कोणी सांगितलं? शिवाय महिना उलटला की पिंजराभर पिल्लं. मोठ्या बाईंना काय सांगशील? देवाचा हिशोब बघ, कुठे मागितली तरी नाहीत आणि कुठे नको तितकी.

पण मला तू जरा सविस्तर लिही. दोघींत पिंजऱ्यात आधी कोण आली? आधीची चावते की मागून आलेली? त्यांना सारखी जागा दिली तर राहतील का? दोघींनी गुण्यागोविंदाने राहायचं तर कोणी काय सोसायचं? तू शिकलेली आहेस, नुसतं हसण्यावारी नेऊ नकोस. यांनाही ऐकायची उत्सुकता आहे.

आणि तू अजून चष्मा लावतेस का गं? की फक्त वाचताना? तुझा जन्म पहाटेचा ना? काकू म्हणायची ते आठवतं, पण नक्की सांग. म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचा कंटाळा तर नाही ना करत अजून?

सगुणाबाई, आमची कामवाली, शेजारी बसून म्हणतेय, "लिवा की, एक हिकडं आन् एक तिकडं ठिवा, कशापायी जीव जाळायचा?" तिला काय कळतंय. सगळ्या घरांत दोन खोल्या असतात थोड्याच.

तुझी,
लताताई


भोर, १२ डिसेंबर १९३७

प्रिय लताताईस,

विजय! चार दिवस झाले, एक ओरखडा नाही.

तुझ्या प्रश्नांनी मला विचार करायला लावलं. मी शोधलं तर चूक माझीच निघाली. दोघींना एकच वाटी होती, एकच दार होतं आणि मी नेहमी आधी चांदणीलाच हाक मारायची, ती पांढरी आणि दिसायला सुरेख म्हणून. सुताराकडून पिंजऱ्याला दुसरं दार करून घेतलं. दोन वाट्या ठेवल्या, दोन कोपऱ्यांत पेंढ्याची दोन अंथरुणं. मुळ्याचा पाला मुली मोजून घालतात. एक दिवस चांदणीला आधी हाक, दुसऱ्या दिवशी काजळला. आणि भांडण थांबलं!

कोणी काय सोसायचं, असं तू विचारलंस. माझं उत्तर, कोणीच काही सोसायचं नाही. सारखी जागा, सारखं अन्न, सारखा मान दिला की भांडणाला कारणच उरत नाही. हे मी फळ्यावर लिहिलं आणि मुलींना विचारलं, सशांना जमतं तर माणसांना का जमू नये? सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला फार समाधान वाटलं.

आता माझी पाळी. चष्मा, जन्मवेळ आणि म्हाताऱ्या माणसांचा कंटाळा, हे ससे पाळण्यासाठी लागत नाही. कोणासाठी विचारते आहेस? खरं सांग.

आणखी एक. तुझ्या पाकिटाची कड भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलेली होती. एक शीत तर अख्खं होतं. तू डिंक वापरतेस. पाकीट कोणी उघडलं?

तुझी,
सौदामिनी


वेल्हे, २८ डिसेंबर १९३७

चि. सौदामिनीस आशीर्वाद.

डिंक संपला होता, म्हणून शीत. पाकीट मीच दोनदा चिकटवलं. बी.ए. होऊन पोलीसखात्यात जाणार आहेस का?

तुझं पत्र सर्वांनी ऐकलं. ते 'सारखी जागा, सारखं अन्न, सारखा मान' यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "बघ, शिकलेली मुलगी कसा विचार करते." सासूबाईंनाही पटलं. त्यांना तुझं काही पटलं असं पहिल्यांदाच घडलं. मीही रात्री तेच घोकत पडले होते. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू फळ्यावर लिहितेस ते पाळतेस.

एकच विचारायचं राहिलं. आधीच्या मादीने आपण होऊन दुसरीला आत घेतलं, तर तिचा मान राहतो ना? म्हणजे कोणी तिच्यावर आणून बसवली असं नाही, तिनेच बोलावली. त्याने फरक पडत असेल, असं मला वाटतं. तुला काय वाटतं?

सोबत दोन छोट्या गोधड्या पाठवते आहे, चांदणीला आणि काजळला. मुद्दाम अगदी एकसारख्या शिवल्या आहेत. टाकेसुद्धा सारखे आहेत, कोणी रुसायला नको. वनखात्यातला नवा कारकून उपेंद्र नसरापूरला निघाला आहे, त्याच्याकडे पार्सल देते. भला मुलगा आहे.

तुझी,
लताताई


भोर, ९ जानेवारी १९३८

लताताई,

आता कोडं सुटलं. भला मुलगा! त्याला सांग की माझा चष्मा चोवीस तास असतो, म्हाताऱ्यांचाच नाही तर तरुणांचाही मला कंटाळा आहे, आणि सशांच्या आडून मुलगी बघणारा माणूस मला पसंत नाही.

अप्पाही सामील आहेत. परवा मी शाळेतून आले तर ते घाईघाईने कागद उशाखाली सारत होते. वर आनंदरावांचं अक्षर होतं. विचारलं तर म्हणाले, "जावयाने सासऱ्याला पत्र लिहू नये की काय?" आनंदराव तुझे बाबा गेल्यापासून अप्पांना वर्षातून एकदा, दसऱ्याला लिहितात. आता पौषात काय निघालं? मग म्हणतात, माघात तुझ्या सासूबाईंच्या व्रताचं उद्यापन आहे, वेल्ह्याला जायचं. माझ्यासाठी नवं लुगडंही आणून ठेवलं आहे. मी येणार नाही. तुझ्या घरी यायला मला कारण लागत नव्हतं, आता मात्र भीती वाटते. ताई, तू माझ्याशी असं आडून का बोलतेस? लहानपणी परकराला गाठ कशी मारायची तेसुद्धा तू मला सरळ दाखवलंस.

गोधड्या मोठ्या बाईंनी हातात घेऊन उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "कोणी शिवल्या? मागची बाजू पुढच्यासारखी आहे," म्हणाल्या. मी रागात होते, तरी अभिमानाने तुझं नाव सांगितलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दुसरीला कोणी आत घेतली याने काय फरक पडतो ते मला माहीत नाही. ससे कोणाला बोलावत नाहीत. दोघी शांत आहेत. खरं तर फार शांत आहेत. काजळ दिवसभर एका कोपऱ्यात पाठ करून बसते. मोठ्या बाईंना हे चालतं, संक्रांतीची अट पुरी झाल्यातच जमा आहे असं त्या म्हणतात. मला का कोण जाणे, ते बरं वाटत नाही. गुंड्याला पाठवतेस का? काजळला वेगळी सोबत देऊन पाहीन.

सौदामिनी


वेल्हे, २४ जानेवारी १९३८

चि. सौदामिनीस आशीर्वाद.

सगुणाबाईबरोबर गुंड्याला पाठवते आहे. तो तुझ्याकडेच राहू दे. इथे पुढे त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होईल न होईल. तुळशीपासून लांब ठेव.

उपेंद्रला उगीच शिव्या दिल्यास. त्याचं लग्न होऊन एक मुलगाही आहे.

रागावू नकोस. लपवलं ते तुझ्या वाईटासाठी नाही. मला एवढंच कळव, दोघी अजून नांदतायत ना? कारण तुझ्या शब्दावर विसंबून मी इथे एक होकार देऊन बसले आहे. तो ऐकून घरात सगळे किती दिवसांनी हसले. सासूबाईंनी माझ्या पानात आपल्या हाताने तूप वाढलं.

उद्यापनाला ये. बाकी समोरासमोर बोलू.

तुझी,
लताताई


भोर, २७ जानेवारी १९३८

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने येत नाही. सगुणाबाईच्या चोळीत आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाच्या हातात पडणार नाही, अशी शपथ मी तिला घातली आहे. एकटी असशील तेव्हाच वाच.

सगुणाबाई परवा तिसऱ्या प्रहरी आली. मार्गासनीपर्यंत चालत, पुढे नसरापूरला कोणाच्यातरी गाडीतून आणि तिथून मोटारीने. डोक्यावर गुंड्याची टोपली. मी तिला गूळपाणी दिलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चांगल्या हायसा की. आमच्या बाईसारक्याच दिसतायसा. मग कवा येनार आमच्या घरात?"

"उद्यापनाला अप्पा म्हणतात," मी म्हटलं.

"त्ये न्हवं. नांदायला."

मी म्हटलं, कोणाच्या घरात, सगुणाबाई? तर तिने गुळाचा खडा खाली ठेवला. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता गं बया! तुमाला ठावं न्हाई व्हय? मला वाटलं, तुमीच कबूल केलंय. आमच्या मालकांनी तुमचं पत्र समद्यास्नी वाचून दावलं. सारकी जागा, सारका मान. म्हातारी म्हनली, पोरगी तयार हाय म्हून तर लिवतीया."

ताई, मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मग हळूहळू सगळं तिच्याकडून काढून घेतलं. दहा वर्षांत मूल नाही म्हणून आनंदराव दुसरं लग्न करणार. तुला सांगितलं, तू आपण होऊन हो म्हटलंस तर घरात राहशील, नाहीतर काकांकडे जा. तुझं प्रत्येक पत्र सासूबाई आनंदरावांकडून वाचून घेतात, येणारं आणि जाणारं. शितं त्यांचीच. म्हणून तू मला सशांचं विचारत होतीस. तू सशांचं विचारतच नव्हतीस! आणि मी दोन वाट्या आणि दोन दारं करून, वर फळ्यावर लिहून तुला उत्तर पाठवलं. परकी सवत येण्यापेक्षा सौदामिनी आली तर निदान फळ्यावर लिहिलेलं पाळेल, असा तू विचार केलास. मी तुझ्या जागी असते तर मीही कदाचित तोच केला असता. पण मला विचारलं असतंस तर! तुझ्यावर राग आहे, ताई, तो लपवत नाही. माझी जन्मवेळ घेतलीस आणि मला सांगितलं नाहीस.

अप्पांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते पानाला चुना लावत राहिले. म्हणाले, "लता स्वतः आग्रह करतेय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा? घरच्या घरात होईल. तुझ्या आजोबांच्या घरात दोघी नांदल्याच की."

मी म्हटलं, "धाकटी आजी जन्मभर माजघराच्या उंबऱ्यावर बसून जेवली, हे तुम्हीच सांगितलंत ना, अप्पा?"

"भांडण तर कधी झालं नाही."

भांडण झालं नाही! हे शब्द कानावर पडले आणि मी तशीच उठून शाळेत गेले. काजळला पिंजऱ्यातून बाहेर काढून मांडीवर घेतलं. वरून केस दाट, म्हणून कधी कळलं नाही. केसांखाली पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. मग मी पाला घालून आडोशाला उभी राहिले. चांदणी आपली वाटी सोडून आधी काजळच्या वाटीशी गेली, ती संपवली, मग सावकाश आपली खाल्ली. त्यानंतर मधोमध अशी आडवी पडली की दोन्ही दारं तिच्या ताब्यात. काजळने मान वर केली नाही. तिने भांडण सोडलं होतं, त्याबरोबर खाणंही. आणि दीड महिना मी मुलींना सांगत होते की बघा, कशी गोडी आहे. चांदणी दुष्ट नाही, ताई. पिंजराच एकीपुरता आहे. मी त्याला दोन दारं पाडली म्हणून त्याचे दोन पिंजरे झाले नाहीत. मी सगळ्यांची वाटणी सारखी केली, पण ती माझ्या मनात सारखी होती. आत काय होत होतं ते आतल्यांनाच ठाऊक.

यात चांदणी कोण आणि काजळ कोण हे जुळवत बसू नकोस. मी जुळवून पाहिलं. दोन्हीकडून भीतीच वाटली. मी वाईट नाही असं मला वाटतं, पण त्या घरात वर्षभराने मी कोणत्या कोपऱ्यात असेन आणि कोणाच्या वाटीत तोंड घालीन याची खात्री मी देऊ शकत नाही. फळ्यावर लिहिलेलं मी पुसून टाकलं. मुलींनी कारण विचारलं तेव्हा काजळला त्यांच्या हातात दिलं. त्यांना कळलं.

आता सांगायचं ते सांगते.

मी आनंदरावांना नकार कळवला आहे. पत्र काल टपालात पडलं, म्हणजे आता ते परत घेता येत नाही. त्यात तुझ्याविषयी एक अक्षर नाही. तू दिलेला होकार माझ्या नावाचा होता, तो मी माझ्या सहीने मोडला, त्याचा दोष तुझ्यावर यायला नको. सासूबाई म्हणतील, शिकलेली मुलगी उद्धट निघाली. म्हणू देत. ते दुसरी मुलगी शोधतील हेही मला कळतं. म्हणून पुढचं केलं.

मोठ्या बाईंना तुझ्या गोधड्या आठवतच होत्या. शिवणाच्या वर्गाला बाई नाही, मुली नुसत्या टाचण्या टोचून घेतात. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मागची बाजू पुढच्यासारखी शिवणारी बाई मिळत असेल तर मी पदवी बघत नाही." शाळेच्या मागे ठकुबाईंच्या घरात एक खोली रिकामी आहे. एकट्या असतात, जरा तापट आहेत, पण चूल वेगळी मांडायला हरकत नाही असं त्यांनीच सुचवलं. किल्ली माझ्याकडे आहे.

अप्पा अजून ओटीवर माझ्याकडे पाठ करून बसतात. पण रात्री मी कंदील मालवायला गेले तर म्हणाले, "लताच्या बापाला मी शब्द दिला होता, तिचं माहेर तुटू देणार नाही म्हणून." एवढंच. ते नवं लुगडं मात्र त्यांनी आपण होऊन गाठोड्यात घातलं. तुझ्यासाठी.

सुताराने पिंजऱ्यामध्ये तारेची जाळी बसवली, आरपार, छतापर्यंत. गुंड्याला शेजारी तिसरं खोकं. काजळने काल पाला ओढत ओढत अगदी मागच्या भिंतीशी नेऊन खाल्ला. आज सकाळी ती जाळीला टेकून झोपली होती आणि पलीकडून चांदणी टेकली होती, पाठीला पाठ. ज्या सोबतीसाठी मी दोन महिने वणवण केली ती मध्ये तार आली तेव्हा मिळाली. कुंडलिक फाटकाशी आला होता. मी म्हटलं, आता येऊ नका. "जमलं व्हय?" म्हणाला. म्हटलं, हो, वेगळं राहून जमलं.

सगुणाबाईला पायी परत पाठवत नाही. वरवे गावचा गाडीवान कोंडिबा आपली बैलगाडी घेऊन आला आहे, तो तिला वेल्ह्यापर्यंत आणतो. गाडीत पेंढा घातला आहे, वर जाजम अंथरलं आहे. जाताना एकाच बाईला घेऊन गाडी येईल, परतताना रिकामी यायचं कारण नाही. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सुनेला माहेरी पाठवायला कुठलीही सासू नाही म्हणू शकत नाही, माहेरहून न्यायला मूळ आलं असेल तर. पुरुष माणूस मूळ घेऊन येतो, अप्पा पाठवतात, अशी रीत आहे, मला ठाऊक आहे. आपल्याला भाऊ नाही. कोंडिबाला मी नारळ, खण आणि साखर दिली आहे आणि काय बोलायचं ते पाठ करून घेतलं आहे. तो दारात उभा राहून सर्वांसमक्ष म्हणेल, "भोरवरनं मूळ आलंया, बाईसाहेब. सौदामिनीबाईंनी धाडलंय."

यायचं की नाही, आणि आल्यावर परत जायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्या नावाचा होकार मी देणार नाही. पण तू हे वाचते आहेस तेव्हा गाडी तुझ्या दारात उभी आहे.

तुझी,
सौदामिनी